सपाट कापड आणि गोल माणूस

दिवाळीच्या आठवड्यात नगरच्या कापडबाजारात पाय ठेवायला जागा नसते. गिऱ्हाइकापुढे घडीवर घडी मोडली जाते, आणि शेवटी एखादी बाई त्यातला एक पदर उचलून खांद्यावर टाकते, मान तिरकी करून आरशात बघते आणि "नको, हे अंगावर बसायचं नाही" असे म्हणून खाली ठेवते. दुकानदार बिचारा रंग दाखवीत असतो, पोत दाखवीत असतो. बाईने पाहिलेले असते ते तिसरेच. ते कापड अंगावर कसे पडेल, निऱ्या फुगतील की चोपून बसतील, काठ घोट्याशी कसा वळेल, हे तिने मनातल्या मनात नेसून पाहिलेले असते. हेच पाहणे कागदावर उतरवायला शिकायचे म्हटले, तर आज पुण्या-मुंबईच्या संस्थांत तीन-चार वर्षे घालवावी लागतात, आणि त्या विद्येला भारदस्त नाव आहे : त्रिमितीय संकल्पचित्रण.

नावाला बिचकण्याचे कारण नाही. कापडाला लांबी असते, रुंदी असते, जाडी नावापुरती. कातड्याचेही तेच. माणूस मात्र गोल आहे. त्याचा खांदा उतरता, कंबर आत, पोटरी बाहेर, टाच तर सगळ्याच बाजूंनी वळलेली. सपाट वस्तू या गोल देहावर बसवायची, आणि कात्री लावण्याआधीच ती कशी बसेल हे रेघांनी दाखवायचे, एवढाच या विद्येचा पसारा. पण तिचा इतिहास पाहू लागलो की एक विचित्र गोष्ट दिसते. आपल्याकडे ज्यांना हे गोलपण हाताने कळत होते त्यांना पेन्सिल कोणी दिली नाही. आणि ज्यांना पेन्सिल दिली त्यांना कापडाजवळ कोणी नेले नाही. हा इतिहास मी आपल्या जिल्ह्याच्या अंगाने सांगणार आहे. २०२४ सालापासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. पण जुन्या गोष्टी सांगताना तोंडात 'नगर' येणारच, ते वाचकांनी गोड मानून घ्यावे.

आरंभ करायचा तो निजामशाहीपासून. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-इ-हुसेनशाही' नावाची एक सचित्र पोथी आहे. आफताबी नावाच्या कवीने ती नगरच्या हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठी रचली; काळ तालिकोटच्या लढाईच्या लगतचा, म्हणजे १५६५ च्या पुढची दोन-चार वर्षे. नगरच्या चित्रशैलीचा हा सर्वांत जुना आणि मोठा पुरावा. तीत शहाच्या शेजारी राणी खुंजा हुमायूं बसलेली होती. पुढे तिच्यावर कोणाची तरी मर्जी खप्पा झाली आणि बहुतेक चित्रांतून तिची आकृती पुसून टाकण्यात आली. राजकारणाचा राग चित्रावर निघतो तो असा! पण आपल्याला पाहायचे आहेत ते कपडे. या चित्रांतल्या स्त्रियांच्या अंगात चोळी आहे, पाठीवर लांब वेणी आणि तिच्या टोकाला गोंडा आहे. हे वळण उत्तरेकडचे, माळव्याकडचे, असे जाणकार सांगतात. अंगाभोवती गुंडाळून घेतलेले लांब वस्त्र मात्र दक्षिणेच्या रीतीचे. उत्तर आणि दक्षिण एकाच बाईच्या अंगावर भेटावी, हे नगरच्या भूगोलाला शोभण्यासारखेच आहे.

त्या काळच्या आपल्याकडच्या चित्रांत आणखी एक गोष्ट वारंवार दिसते. वस्त्राला चुण्या पडलेल्या असतात, पण वस्त्रावरची बुट्टी त्या चुणीबरोबर वळत नाही. कापड जमिनीवर पसरून त्यावर फुले काढावीत तशी ती सरळ असते. चित्रकाराला गोलाई येत नव्हती असे समजणारा फसेल. त्याच्या लेखी बुट्टी विणकराची आणि चुणी नेसणाऱ्याची. दोघांचा मान त्याने वेगवेगळा ठेवला, एवढेच.

आता आपल्याच जिल्ह्याची एक लेक पाहा. जामखेड तालुक्यातील चौंडी गावी १७२५ साली माणकोजी शिंद्यांच्या घरी अहिल्याबाईंचा जन्म झाला. पुढे होळकरांचा कारभार हाती आल्यावर १७६७ च्या सुमारास त्यांनी राजधानी नर्मदाकाठी महेश्वरला नेली, आणि तेथे विणकर आणवून वसवले. महेश्वरी लुगड्याची परंपरा अहिल्याबाईंपासून सांगतात ती यामुळे. त्या काठांची नावे ऐका : ईंट, चटाई, लहर, हिरा. ही नावे विणकरांच्या तोंडची आहेत. किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवर जे कोरले होते तेच काठावर उतरले, अशी महेश्वरची सांगी आहे. कागदोपत्री पुरावा मागणाऱ्याने खुशाल मागावा. मी मात्र ती नावे ऐकून निम्मा पटलेलो आहे. दगडात खोल कोरलेली वीट, तिच्यावर ऊन पडून एका बाजूला सावली आलेली. तिच्यातली खोली काढून टाकायची, सावली टाकायची आणि उभ्या-आडव्या धाग्यांच्या चौकटीत तिचा नुसता सांगाडा बसवायचा. गोलातून सपाटाकडे जाण्याची ही विद्या झाली. मग ते सपाट लुगडे बाई नेसते आणि त्या विटा तिच्या घोट्याभोवती पुन्हा वळतात. दगड, धागा आणि देह असा तो प्रवास आहे, आणि मध्ये कागद आहेच असे नाही.

कागदावाचूनच हे चालत आले होते. शेवगावहून गोदावरी ओलांडली की पैठण. कोपरगावहून थोडे पुढे गेले की येवले. या दोन्ही ठिकाणी पैठणीच्या पदरावरचा मोर विणकर तिल्ल्यांनी, म्हणजे रंगीत धाग्यांच्या छोट्या कांड्यांनी, एकेक धागा मोजून भरीत असे. मोर त्याच्या बोटांत मोजून ठेवलेला. बाप मुलाला आकडे सांगे. आमच्या नगर-भिंगारला आणि संगमनेरला साळी, कोष्टी, मोमीन आणि तेलंगणातून आलेली पद्मशाली मंडळी लुगडी विणीत. मुलाला माग शिकवताना 'आधी चित्र काढ' असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

शिवलेल्या वस्तूंकडे वळले तर चमत्कार आणखी मोठा. पेशवाईतील चक्रीदार पगडी घ्या. रुमाल जसा रोज डोक्याला गुंडाळतात तशी ती नव्हे. ती पगडीबंदाने साच्यावर एकदाच बांधून द्यायची आणि मालकाने टोपीसारखी घालायची. पट्टीसारख्या लांब कापडातून चक्री, कोका आणि कंगोरे उभे करणारा तो कारागीर कापडाचा शिल्पकारच म्हटला पाहिजे. चोळी घ्या. खणाचा पन्हा हातभर. त्यातून पाठ, बाह्या आणि छातीचे तुकडे असे काढायचे की काठ नेमका दंडावर यावा, पुढे गाठ मारली की ताण सगळीकडे सारखा पडावा, आणि चिंधी मूठभरदेखील उरू नये. शिंप्याची रेखाचित्राची वही म्हणजे हातातला खडूचा तुकडा. त्याने मारलेली रेघ कात्रीखाली नाहीशी होई. म्हणून त्या विद्येचा दप्तरखाना कोठेच उरला नाही.

आणि मोट! आज तिशीतल्या वाचकाने मोट बहुधा चित्रातच पाहिली असेल. वर रुंद तोंड, त्याला लोखंडी कडे, आणि खाली निमुळती होत गेलेली सोंड. विहिरीत ती तिरकी पडून भरली पाहिजे, वर येताना सांडता कामा नये, थारोळ्यावर आली की सोंडेतून एका दमात रिकामी झाली पाहिजे. हे सगळे गणित जनावराच्या सपाट कातड्यातून साधायचे. गावचा चांभार बलुत्यावर वहाणा करी, तसेच हे मोटेचे काम. नगरसारख्या अवर्षणाच्या मुलखात विहीर-बागाईत ज्या वस्तूवर उभे होते, तिचा आराखडा एका निरक्षर माणसाच्या डोक्यात असे. त्याच्याजवळ रापी होती, आरी होती, ऐरण होती. पायाखाली एखादे पान वा कागद ठेवून पायाभोवती रेघ ओढायची, आणि चवड्याचा घेर कागदाच्या पट्टीने घेऊन तिला तेथे खाच पाडायची, एवढीच त्याची चित्रकला. पण नीट विचार केला तर तळव्याची ती रेघ म्हणजे वरून पाहिलेला नकाशा आणि खाच पाडलेली पट्टी म्हणजे त्याची उंची-जाडी. त्रिमितीची सगळी सामग्री तेथे आहे. नाव तेवढे नाही.

इतके झाल्यावर साहेबाची गोष्ट सांगायला हरकत नाही. १८५१ साली लंडनमध्ये मोठे जागतिक प्रदर्शन भरले. हिंदुस्थानातून गेलेली वस्त्रे तेथे मांडली, आणि विलायतेचे मोठे मोठे कलापारखी, त्यांत ओवेन जोन्ससारखे, थक्क झाले. कारण असे की त्या वेळी इंग्लंडात गालिच्यांवर छाया-प्रकाश दाखवून उठावाची गुलाबे काढण्याची टूम होती. पाहुण्याने दिवाणखान्यात पाऊल टाकावे ते जणू काटेरी झुडपात! त्याउलट आपली नक्षी सपाट वस्तूवर सपाटच बसलेली. जमिनीवरच्या गालिच्याने जमिनीसारखे दिसावे, हा धडा त्यांनी आपल्या कापडावरून घेतला आणि जोन्सने १८५६ मध्ये नक्षीकामाच्या व्याकरणावर जो प्रचंड ग्रंथ काढला त्यात हिंदुस्थानी नक्षीला मानाचे पान दिले.

या कौतुकाचा दुसरा अंक १८६६ चा. लंडनच्या इंडिया म्युझियममधील जॉन फोर्ब्स वॉटसन नावाच्या अधिकाऱ्याने हिंदुस्थानी कापडाचे सातशे नमुने कापून अठरा खंडांत चिकटवले. असे वीस संच केले. तेरा विलायतेत राहिले, सात इकडे आले. त्यांच्या जोडीला त्याने एक पुस्तक लिहिले, आणि माझ्या मते खरी हुशारी त्या पुस्तकात आहे. त्याने मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना बजावले की नुसता नमुना पाहून भागणार नाही. हे लोक कापड कसे नेसतात ते शिका. धोतर, लुगडे, फेटा ही न शिवता अंगावर घ्यायची वस्त्रे. त्यांची लांबी-रुंदी किती, काठ कोठे येतो, पदर कोठे पडतो, अंगावर घेतल्यावर कोणता भाग दिसतो आणि कोणता झाकतो, हे कळल्याखेरीज माल खपणार नाही. म्हणजे आपल्या वस्त्राच्या तिसऱ्या मितीचा पहिला पद्धतशीर अभ्यास झाला, तो आपल्या विणकराचे गिऱ्हाईक काढून घेण्यासाठी! १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग नगरवरून गेला आणि बाहेरचा माल बाजाराच्या दाराशी उतरू लागला. वॉटसनवर मला राग धरवत नाही. त्याने निदान आमच्या आजीच्या निऱ्यांकडे लक्ष देऊन पाहिले. आमच्यातल्या शिकलेल्यांनी तेवढेही केले नव्हते.

मग शिकलेल्यांना काय शिकवले जात होते? सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ मध्ये दिलेल्या लाख रुपयांतून मुंबईची कलाशाळा उभी राहिली. वर्ग सुरू झाले १८५७ मध्ये. हेतू मोठा चांगला होता : देशी कारागिरांच्या मुलांना शिकवून त्यांचे धंदे सुधारायचे. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक विलायतेहून आले. दोघेही डोळस. ग्रिफिथ्सने पुढे विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या, ते काम १८७२ पासून कितीतरी वर्षे चालले. पण शाळेचा अभ्यासक्रम दक्षिण केन्सिंग्टनच्या वळणाचा. प्लास्टरच्या मूर्ती, घन, शंकू, दंडगोल; त्यांच्यावर डावीकडून प्रकाश पाडायचा आणि उजवीकडे छाया भरायची. गंमत पाहा : ज्या देशाच्या सपाट नक्षीची वाहवा करून हे लोक आले, त्या देशाच्या मुलांना त्यांनी उठाव शिकवायला घेतला, आणि ज्या देशात कापडाला खरा उठाव देणारे पगडीबंद आणि शिंपी होते, त्यांच्याकडे ढुंकून पाहिले नाही. कारागिरांची मुले थोडी आली. बाकीच्यांना चित्रकला-शिक्षकाची नोकरी दिसत होती. १८९१ मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाने शाळेला कारखान्यांची जोड मिळाली. तेथे धातूचे, लाकडाचे, गालिच्याचे काम झाले. चांभाराची ऐरण मात्र त्या दालनात गेल्याचे माझ्या वाचनात नाही.

या वळणाची आपल्या सर्वांच्या ओळखीची नात म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा. आता त्या महाराष्ट्राचे कला संचालनालय घेते. ज्या घरात शाळकरी मूल आहे तेथे या परीक्षेचा बोर्ड, रंगपेटी आणि पाण्याची वाटी यांनी एकदा तरी रणधुमाळी माजवलेली असते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती असे तिचे भाग. मी कित्येक वर्षे शाळेत हे पाहत आलो आहे आणि एकच गोष्ट डोळ्यांत सलते. वस्तुचित्राच्या पेपरात मूल तांब्याची गोलाई दाखवायला शिकते, भूमितीच्या पेपरात घनाकृतीचे वरचे आणि समोरचे दृश्य काढते, आणि संकल्पचित्राच्या पेपरात चौकोनात फुलापानांची सपाट नक्षी भरते. तीन पेपर, तीन घंटा. त्या नक्षीचे कापड त्या गोलाईवर बसवले तर काय होईल, हा प्रश्न कोणत्याच पेपरात येत नाही. आणि विणकराच्या घरच्या मुलाला त्याचे उत्तर घरी ठाऊक असते, ते कोणी विचारीत नाही.

नगरला एकदा मात्र रेघ आणि माग यांची गाठ पडली होती. अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे औद्योगिक शिक्षण सुरू केले. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नावाची त्यांची उद्योगशाळा प्रसिद्ध आहे. त्या शतकाच्या शेवटच्या दुष्काळांत अनाथ झालेली पुष्कळ मुले मिशनच्या आश्रयाला आली. त्यांच्या हाताला काम हवे होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत मिशनमध्ये डी. सी. चर्चिल नावाचे एक यंत्रशास्त्र शिकलेले गृहस्थ होते. त्यांनी नगरच्या विणकराचा माग बारकाईने पाहिला आणि अधिक वेगाने चालणारा, तरी हातानेच चालवायचा माग तयार केला. 'चर्चिल माग' म्हणून तो नगरबाहेरही नावाजला गेला. यंत्र बनवायचे तर समोरून, बाजूने आणि वरून अशी तीन चित्रे लागतात. ती एकमेकांशी मापाने जुळली की सुताराला आणि लोहाराला आणखी काही सांगावे लागत नाही. नगरच्या मागाचे गोलपण कागदावर आले ते असे. परंतु आले ते मागाचे. त्या मागावरून उतरणारे लुगडे आणि ते नेसणारी बाई यांना त्या कागदावर जागा मिळाली नाही. यंत्राला तीन मिती, माणसाला दोन!

आता वाचक विचारतील, की बाबा, ही विद्या शिकतात तरी कशी? मी वर्गात मुलांना एक खेळ दाखवतो. कागदाची गोल चकती घ्या आणि चेंडूवर चोपून बसवा. बसत नाही, कडेला सुरकुत्या पडतात. आता चकतीच्या कडेपासून मध्यापर्यंत एक पाचर कापून काढा आणि कडा जुळवा. चकतीचा शंकू झाला, चेंडूशी त्याचे सख्य जमले. ब्लाउजला छातीपाशी आणि कमरेपाशी शिंपी जो टक घालतो, तो ही काढून टाकलेली पाचरच. जगातले सगळे तंग कपडे या एका पाचरेवर उभे आहेत. कापडाला कागदाहून एक सवलत जास्त आहे. उभ्या धाग्याने ओढा, ते ताणत नाही. आडव्याने ओढा, फारसे ताणत नाही. तिरके ओढा, की लगेच लवते. आपले शिंपी त्याला उरेब म्हणतात आणि गळ्याला पट्टी लावताना ती नेहमी उरेबच कापतात. पॅरिसच्या मादाम व्हियोने यांनी १९२० नंतरच्या काळात या उरेब कापावर सारी दुनिया गाजवली. त्या कागदावर चित्र काढून सुरुवात करीत नसत. लाकडाची एक लहान बाहुली होती, तिच्या अंगावर कापड पाडून पाहायचे, टाचण्या लावायच्या, आणि मग ते उलगडून माप मोठे करायचे. हात आधी आणि रेघ मागून. आमच्या चोळीवाल्याला हे सांगितले असते तर तो म्हणाला असता, "मग यात नवीन ते काय?"

रेघ मागून आली म्हणजे ती निरुपयोगी, असा अर्थ कृपा करून कोणी काढू नये. शांताल बुलांजे नावाच्या फ्रेंच विदुषीने भारतभर हिंडून साडी नेसण्याच्या शंभरावर तऱ्हा गोळा केल्या आणि १९९७ मध्ये त्या पायरी-पायरीच्या चित्रांसह छापल्या. निरी कोठे खोचायची, काष्टा कोणत्या बाजूने मागे न्यायचा, हे त्या चित्रांवरून परक्या मुलखातल्या माणसालाही कळते. यांतल्या काही तऱ्हा नेसणाऱ्या म्हाताऱ्यांबरोबर गेल्या असत्या. त्या रेघेने राखल्या. त्याच वेळी दुसऱ्या तऱ्हेची रेघही पाहावी. वस्त्रकलेच्या शाळांत मुलींना प्रथम माणसाची आकृती काढायला शिकवतात ती नऊ डोकी उंच. प्रत्यक्षात माणूस साडेसात डोक्यांच्या आसपास. राहुरीच्या शेतकऱ्याची बायको, पारनेरची शिक्षिका, भिंगारची भाजीवाली, यांपैकी कोणीही नऊ डोकी उंच नाही. त्या लांबोळक्या बाहुलीवर पोशाख सुरेख दिसतो, शिवून आल्यावर रुसतो. अलीकडे संगणकाच्या पडद्यावर तुकडे जुळवून ते पुतळ्याच्या अंगावर चढवून दाखवण्याची सोय झाली आहे. सोय उत्तम, पण तेथेही पुतळा कोणाच्या मापाचा, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

पादत्राणांत तर हा प्रश्न पायालाच बोचतो. बुटाला लाकडी फर्मा लागतो. पायासारखा दिसणारा, पण पाय नसलेला तो ठोकळा म्हणजेच बुटाचे त्रिमितीय चित्र. आजच्या बूटविद्येच्या शाळेत फर्म्यावर कागदी चिकटपट्टी गुंडाळतात, तिच्यावर पेन्सिलीने नाक, जीभ, टाच यांच्या रेघा मारतात, मग पट्टी अलगद सोलून सपाट करतात. नारंगीची साल सोलून ताटात दाबून बसवावी तसे. सपाट करताना जेथे ती फाटू पाहते तेथे शिवण द्यायची. आपल्या कोल्हापुरीला हा खटाटोप लागत नाही. तिचा सपाट तळ, पट्टा आणि अंगठा पायालाच फर्मा मानतात आणि वापरून वापरून त्याच्यासारखे होतात. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आणि २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या बड्या कंपनीच्या पुरुषांच्या पोशाख-प्रदर्शनात अगदी तसलेच अंगठ्याचे पायताण चालत आले. सोबत कोल्हापूरचे नाव नाही, चांभाराचे नाही. इकडे आरडाओरडा झाल्यावर कंपनीने मान्य केले की प्रेरणा भारतीय कारागिरांचीच. रेघ ज्याच्या कागदावर, नाव त्याचे, हा जगाचा व्यवहार आहे. शतकानुशतके ज्यांच्या हातात कागद पोहोचू दिला नाही, त्यांचे नाव मिलानपर्यंत कसे पोहोचावे? ही गोष्ट मला कंपनीच्या वागण्यापेक्षाही अधिक लागली.

पण सगळेच काही असे उदास नाही. गेल्या काही वर्षांत शिवलेली नऊवारी निघाली आहे. लग्नात, गणपतीत, शाळेच्या संमेलनात तरुण मुली ती झग्यासारखी पायांतून चढवतात आणि दोन मिनिटांत तयार होतात. जुन्या बायका नाके मुरडतात. मी नाक मुरडीत नाही, कारण मला त्यामागची करामत दिसते. नऊ वार कापड रोज सकाळी देहावर घडवायचे आणि रात्री पुन्हा सपाट करून दांडीवर टाकायचे, असे ते वस्त्र. त्याला शिवणच नव्हती, मग त्याचे कटिंग असणार कोठून? ते एकेका गावच्या शिंप्याने आपले आपण शोधून काढले.

आमच्या ओळखीचा असा एक शिंपी आहे. शिक्षण सातवीपर्यंत. त्याला मी विचारले, की काष्टा कागदावर कसा आणलास? तो म्हणाला, "अहो गुरुजी, कागदावर नाहीच आणला आधी. आईला जुनं लुगडं नेसायला सांगितलं. खोचलं तिथं खडूची फुली, दुमडलं तिथं रेघ, गुडघ्यापाशी रेघ, मागं वळलं तिथं बाण. ती कंटाळली, पण उभी राहिली बिचारी तासभर. मग सोडायला सांगितलं, आणि जमिनीवर पसरलं." लुगडे ओसरीभर पसरले, आणि त्याच्यावर फुल्या, बाण, रेघा यांचा एक नकाशा उमटलेला होता. एकसंध वाटणाऱ्या नऊ वारांत कंबर तीन ठिकाणी होती, डावा पाय एकीकडे, उजवा पाय पार दुसरीकडे, आणि मधले कितीतरी कापड नुसते त्यांना जोडण्यासाठी फिरत होते. त्याने तो नकाशा तपकिरी कागदावर उतरवून घेतला, फिरणारे कापड कमी केले, तीन मापांचे नमुने कापले आणि खिळ्याला टांगले. मादाम व्हियोनेंचे नाव त्याने ऐकलेले नाही.

मी ते नमुने हातात घेऊन पाहत होतो. कडेला पेन्सिलीने 'लहान', 'मध्यम', 'आईचं' असे लिहिलेले होते. त्याची आई आतून चहा घेऊन आली. अंगावर नेसूची नऊवारी होतीच. मुलाच्या कागदांकडे हनुवटीने दाखवून मला म्हणाली, "माझ्या लुगड्यावरचा खडू धुवायला दोन पाणी लागले गुरुजी. आणि एवढं करून बाण उलटा काढलाय त्यानं एक. सांगितलं तवा ऐकलं नाही."

शिंप्याने निमूटपणे कागद माझ्या हातातून घेतला आणि तो बाण खोडून सरळ केला.